निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक

"...पण माहीत असून तुम्ही त्यांना चुकीचं पुस्तक दिलंतच कसं, चाचा?"

चाचांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या आणि चष्मा पुन्हा घातला.

"निळं होतं की," ते म्हणाले.

"निळं? त्यांनी होडीचं चित्र सांगितलं होतं. या पुस्तकावर होडी कुठं आहे?"

"आत असेल एखादी."

"आत नाहीये! ती कापसाच्या दलालाची कादंबरी आहे. तिच्यात पाणीसुद्धा नाही."

मी कोपऱ्यात पुस्तकं बांधत होतो. हसू दिसू नये म्हणून सुतळीची गाठ दातांनी सोडवायला लागलो.

हे आमच्या मिरजेच्या पुस्तकांच्या दुकानातलं. दुकान दवाखान्यांच्या रस्त्यावर होतं. आज तिथे रक्त तपासायची लॅब आहे. त्या रस्त्याने जाताना मी मान दुसरीकडे करतो, आणि तरीही मला नव्या कागदाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. लॅबमधून तो येणं शक्य नाही, हे मलाही कळतं.

काय एकेक गिऱ्हाईक यायचं! सतारी बनवणारे यायचे, गाणं शिकायला आलेली मुलं यायची. पण जास्त भरणा पेशंटच्या नातेवाइकांचा. आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू आहे आणि बाहेर वेळ जात नाही, अशी माणसं. ती पुस्तक मागायची नाहीत. नुसती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "काहीतरी द्या."

काहीतरी द्यायचं म्हणजे सोपं काम नव्हे. दुकानाचा रिवाज असा, की आपल्याला आवडलेलं असेल तेच सुचवायचं आणि स्वतः वाचल्याशिवाय सुचवायचं नाही. न वाचता कुणी शिफारस केली आणि चाचांना कळलं, तर त्या दिवशी त्याचा चहा बंद.

माझा माल ठरलेला होता, रहस्यकथा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला अर्धी वाचलेली रहस्यकथा द्यावी, म्हणजे शेवट वाचायला तरी माणूस परत येतो, असं माझं मत. सगळे त्यावर हसायचे. चाचा कधी हसले नाहीत.

दवाखान्यातल्या सनदी नावाच्या सिस्टर पातळ पुस्तक न्यायच्या, एप्रनच्या खिशात मावेल असं. "गोष्ट मोठी चालेल, पुस्तक बारीक पाहिजे," म्हणायच्या. त्यांना कविता द्यायचं काम अवंतीचं.

अवंती गुळवणी. सांगलीची, मराठी घेऊन एम. ए. झालेली. कॉलेजातली नोकरी मिळत असताना ती सोडून आमच्याकडे आली, कारण तिला चाचांच्या हाताखाली शिकायचं होतं. चाचा म्हणजे करीम इनामदार. आयुष्यभर त्यांनी पुस्तकंच विकली होती. लोक कोल्हापूरहून त्यांना विचारायला यायचे की आता काय वाचू. पण ते शिकवायचे काहीच नाहीत. ती विचारायची आणि ते चष्मा पुसायचे.

पोरगी हुशार, आणि तिला ते ठाऊक होतं. कुणी यावं आणि म्हणावं, "हिरवं होतं, जाड, शेवटी सासू मरते." अवंती डोळे मिटायची, नाव सांगायची आणि शिडीवर चढायची. एकदा तर गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या होत्या. पुस्तक नाही मिळालं, हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

त्या दुपारी तात्या मगदूम आले ते दारातच चपला काढून. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मोठ्या हाडाचे, हातात डब्याची पिशवी.

"एक पुस्तक पायजे हुतं," ते म्हणाले. "नाव ठावं न्हाई."

अवंती पुढे झाली. "सांगा ना. काय आठवतं?"

"निळा पुठ्ठा. वर होडी. एक बाई असती त्यात, ती रागानं घर सोडून जाती. आमच्या मंडळींचं पुस्तक ते. लग्नात येताना ट्रंकेतनं आणलेलं. दरसाली एकदा वाचायची. वाचायची आणि रडायची."

"आणि ते कुठं गेलं?"

"महापुरात घर बुडालं की. गाद्या वाळवल्या, भांडी घासली. पुस्तकाचा पार लगदा झालता. त्यो लगदा हातात घिऊन बसली हुती. मी म्हटलं, टाक की तिकडं, किती पसारा पडलाय..."

त्यांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आता खुबा मोडलाय तिचा. आप्रेशन झ्याक झालं. डॉक्टर म्हणत्यात, उठून चालायचं. उठंना. महिना होत आला, तोंड भिंतीकडं करून पडलीया. बोलत न्हाई, धड खात न्हाई. काल डॉक्टरांनी भाईर बोलवून सांगितलं, बाईंनी मन काढून घेतलंय. असंच ऱ्हायलं तर आमच्या हातात काय न्हाई म्हणले."



चाचा गल्ल्यामागून उठले. "तुम्ही वाचलंय ते पुस्तक?"

"मी कुठला वाचतोय!"

"बाईंनी कधी गोष्ट सांगितली?"

"मी कधी इचारलीच न्हाई, चाचा."

चाचा आत गेले. बराच वेळ आले नाहीत. अवंती तोवर नाव आठवत होती, ओठ हलत होते तिचे. आणि तिला ते आठवलं. "सापडलं! मला माहितेय ते कुठलं," ती म्हणाली, तेवढ्यात चाचा बाहेर आले. हातात निळ्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक.

"हे घेऊन जा. रोज मोठ्यानं वाचून दाखवा."

"हेच न्हवं ते?"

"वाचून तर बघा."

तात्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. जाताना अवंतीकडे वळून म्हणाले, "ताई, तुमी बी बगा हां. तुमाला गावलं तर." मग चपला घालून गेले.

आणि मग ती दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात चाचांना जाब विचारायला लागली, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

"त्या बाई मरतायत, चाचा," ती शेवटी म्हणाली. "त्यांना एक पुस्तक हवंय. एकच. आणि मला त्याचं नाव माहीत आहे."

"मग शोध ना," चाचा म्हणाले. "कुणी धरलंय?"

तिने शोधलं. असं शोधताना मी कुणाला पाहिलं नाही. पुस्तकाची छपाई कधीच बंद झालेली. प्रकाशकांचं दुकान मिटलेलं. वाचनालयांना फोन केले, कोल्हापूरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे जाऊन आली, हात धुळीने काळे करून. जेवणाचा डबा तसाच परत नेत होती. रोज सकाळी आल्या आल्या विचारायची, "तात्या आले होते?" तात्या येत नव्हते. सनदी सिस्टरही दिसत नव्हत्या, त्यांची पाळी बदलली होती. चाचा काही बोलत नव्हते. मला त्यांचा राग आला होता, हे मी आजही लपवत नाही. मरणाऱ्या बाईच्या उशाला दलाल कशाला बसवायचा?

जयसिंगपूरच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे ते पुस्तक निघालं. बाई द्यायला तयार नव्हत्या. पैसे तर घेणारच नव्हत्या. म्हणाल्या, "तुझं आवडतं एखादं ठेवून जा. म्हणजे मला पटेल, की तुला गरज आहे." अवंतीने आपला कवितासंग्रह ठेवला. वडिलांनी दहावीला घेऊन दिलेला, ती झोळीत कायम बाळगायची तो. वडील तिचे आता नव्हते. संग्रह ठेवून आल्याचं तिने मला असं सांगितलं, जशी काही भाजीच घेऊन आली.

न वाचता गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा रिवाज. म्हणून रविवारी घरी बसून तिने ते एका बैठकीत वाचलं. सोमवारी दुकानात आली ती उजळलेल्या तोंडाने. निळा पुठ्ठा, कडा झिजलेल्या, वर होडी. चाचांसमोर धरलं.

"मिळालं."

चाचांनी मान हलवली. "दिनकर," मला म्हणाले, "सनदीबाईंची पुस्तकं पोचवायचीत ना? हिच्याबरोबर जा."

बायकांच्या वॉर्डच्या दारातच सिस्टर भेटल्या. अवंतीने तात्यांच्या मंडळींबद्दल विचारायच्या आत त्या हसायला लागल्या.

"विजयमालाबाई ना? अहो, काय पुस्तक दिलंत तुम्ही! ते तात्या बिचारे अडखळत अडखळत वाचायचे, बाईंचं तोंड भिंतीकडे. सगळ्या वॉर्डला कंटाळा आला. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाई एकदम वळल्या नि ओरडल्या, त्यात दलाल नव्हता! महिन्यातला पहिला शब्द बाईंचा, दलाल."

आम्ही आत गेलो आणि खांबाजवळ उभे राहिलो.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले, तोंड खोलीकडे. तात्या स्टुलावर बसून पुस्तक लांब धरून वाचत होते.

"'दलालानं गाठोडं सोडलं आणि...'"

"परत दलाल! मिटा ते. मी सांगते."

तात्यांनी पुस्तक मिटलं, पण बोट आत ठेवलं.

"तर ती बाई नदीवर आली. रागानं. नवऱ्याला सांगितलं बी न्हाई."

"नवरा काय करत हुता?"

"गाड्या दुरुस्त करायचा. सदा हाताला ग्रीसचा वास."

माझ्या शेजारी अवंती ताठ झाली. "तलाठी," ती पुटपुटली. "पुस्तकात नवरा तलाठी आहे."

"वाईट हुता व्हय?" तात्यांनी विचारलं.

"वाईट कशापायी? चांगला हुता. पर तिला कधी काय इचारायचाच न्हाई."

तात्यांनी खाली बघितलं. बोट पुस्तकातून निघालं, ते त्यांना कळलंही नाही.

"मग?"

"मग होडीत बसली. निम्म्या नदीत आली..." बाई थांबल्या. "तांब्या द्या जरा."

त्या पाणी प्यायल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कोपरावर उठून बसली होती.

"निम्म्या नदीत आली, आणि तिला आठवलं, चुलीवर दूध ठिवून आलोय."

"अगं बया!" म्हातारी म्हणाली.

"मग?"

"मग काय! होडीवाल्याला म्हणली, फिरीव."

तात्या हसले. मोठ्याने, सगळे दात दाखवून. बाई हसल्या नाहीत, पण तोंडावर काहीतरी हललं.

"ती परत येत नाही," अवंती अगदी हळू म्हणाली. "शेवटी होडी रिकामी परत येते. तेच तर पुस्तक आहे सगळं." तिचा हात झोळीत होता. पुस्तक तिने धरलेलं आहे, हे मला कापडातून दिसत होतं.

तेवढ्यात तात्यांनी आम्हाला पाहिलं. लगबगीने उठले.

"अगं, ही दुकानातली ताई. हिला सांगितलं हुतं मी. काय ओ ताई, गावलं का ते? खरं पुस्तक?"

विजयमालाबाईंनी अवंतीकडे बघितलं.

त्या नजरेत भीती होती. मी तिला दुसरं नाव देत नाही. महिनाभर भिंत बघितलेल्या बाईला पुन्हा कुणीतरी भिंतीकडे वळवायला आलंय, अशी भीती.

अवंती उभी होती... पंखा फिरत होता. कोपऱ्यात कुणीतरी खोकलं.

"नाही मिळालं," ती म्हणाली.

"कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही, तात्या. छपाई बंद झालीये. प्रती संपल्या सगळ्या."

"मी म्हटलं न्हवतं?" बाई नवऱ्याला म्हणाल्या. "किती वर्सं झाली त्येला. कुठनं मिळायचं!" आणि त्यांचा आवाज असा मोकळा झाला, की शेजारच्या म्हातारीने पण सुस्कारा सोडला. "बसा तुमी. फुडं ऐका. न्हाईतर नगं. हात द्या जरा. त्या खिडकीपतुर जाऊन सांगते."

तात्या हात द्यायला वाकले. त्यांना कुठे धरावं ते समजेना. सिस्टर धावल्या. बाईंचा एक पाय फरशीला लागला, मग दुसरा. आम्ही थांबलो नाही.

रस्त्याने येताना अवंती रडली. दुकानांच्या पाट्या वाचत मी चाललो आणि मला दिसलंच नाही असं दाखवलं. ती माझ्याहून लहान होती, पण त्या दिवशी तिच्या पुढे चालायची मला लाज वाटली.

चाचा गल्ल्यावर होते. दुपारची सुस्त वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

"दिलंस?"

"नाही."

चाचांनी चष्मा काढून पुसला.

"त्या बोलतायत, चाचा. गोष्ट सांगतायत. उभ्या राहिल्या." तिने पदराने नाक पुसलं. "सगळी गोष्ट चुकीची सांगतायत."

"असं?"

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"की त्या बोलतील. चुकीचं ऐकून चिडतील आणि बोलतील."

"मी काय डॉक्टर आहे?"

"मग ते पुस्तक का दिलंत?"

"त्यातला दलाल चांगला आहे," चाचा म्हणाले. "मला आवडतो."

एवढ्या वर्षांत चाचांचं आवडतं पुस्तक कुठलं, हे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. ते खरंच त्यांचं आवडतं होतं, की ते तिची फिरकी घेत होते, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. चेहऱ्यावरून चाचांचं काही कळायचं नाही. आता विचारायलाही ते नाहीत. पुढे मी स्वतः ती कादंबरी वाचली. दलाल चांगला आहे.

अवंतीने झोळीतून पुस्तक काढलं आणि चाचांसमोर ठेवलं. होडी वर, पाणी खाली, निळा रंग विटलेला.

"आणि याचं काय करू? माझं पुस्तक देऊन आणलंय मी हे."

"वाचलंस?"

"सगळं."

"शेवटी काय होतं?"

अवंतीने पुस्तकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं... रस्त्यावरून अ‍ॅम्ब्युलन्स गेली, तिचा आवाज लांब जाऊन विरला, तरी ती बघतच होती.

"ती परत येते," ती म्हणाली.

चाचांनी पुस्तक जवळ ओढलं. शेवटचं, रिकाम्या होडीचं पान काढून वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग मिटलं आणि वरची धूळ तळहाताने पुसली.

"मग हे दुसरंच कुठलं तरी आलं," ते म्हणाले. "असू दे. यालाही कुणी विचारत येईल."